मावशी, ते प्रारब्ध नव्हतं, साखर होती

तो फॉरवर्ड गेल्या दोन वर्षांत चारदा तरी आला असेल. मी सोडून देत होतो. परवा मावशीनेच पाठवला, खाली हात जोडलेले तीन इमोजी लावून. मजकूर असा: अमेरिकेतला एक गरीब, शांतताप्रिय शेतकरी, विल्मर मॅक्लीन. १८६१ साली गृहयुद्ध त्याच्या अंगणात सुरू झालं. वैतागून तो घरदार सोडून लांबच्या खेड्यात गेला. १८६५ साली तेच युद्ध त्याच्या दिवाणखान्यात संपलं. ते घर आजही तसंच उभं आहे. प्रारब्ध कुणाला चुकत नाही!

मावशीला फोनवर अर्धं सांगून झालं आणि तिच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. म्हणून उरलेलं इथे.

अंगणात सुरू झालं? नाही. युद्ध पेटलं १२ एप्रिल १८६१ ला, साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टरवर. मॅक्लीन राहायचा व्हर्जिनियात, मनॅससजवळ. तिथे जुलैत चकमक झाली तेव्हा दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेल्या राज्यांचा, सेनापती बोरेगार्ड त्याच्या घरात मुक्कामाला होता. १८ जुलैला एक तोफगोळा थेट चुलाण्यात पडला आणि साहेबांचं जेवण मातीत गेलं. बोरेगार्डने स्वतःच पुढे हा किस्सा गंमत म्हणून लिहिला आहे. म्हणजे अंगण नाही, स्वयंपाकघर. आणि सुरुवात नाही, तीन महिन्यांनंतरची गोष्ट.

दिवाणखान्यात संपलं? हे अर्धं खरं, मान्य. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या गावात (कोर्ट हाउस हा गावाच्या नावाचाच भाग आहे, शरणागती न्यायालयात झाली नव्हती) दक्षिणेचा सेनापती ली याने उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शस्त्रं ठेवली ती मॅक्लीनच्याच बैठकीत. पण ती लीच्या एका सैन्याची, साधारण २८,००० माणसांची शरणागती. नॉर्थ कॅरोलिनात बेनेट नावाच्या शेतकऱ्याच्या साध्या घरात २६ एप्रिलला दक्षिणेचाच दुसरा सेनापती जॉन्स्टन याने जवळपास ९०,००० सैनिकांच्या वतीने सही केली. त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही, कारण त्यात योगायोग नाही.

आता ते ‘गरीब, शांतताप्रिय’. माझं डोकं फिरलं ते इथे. मॅक्लीन मूळचा किराण्याचा घाऊक व्यापारी. मनॅससची शेती बायकोकडून आलेली. युद्धात तो दक्षिणेच्या सैन्यासाठी साखरेचा व्यापार करत होता. बायकापोरांना तोफांपासून लांब न्यायचं होतं हे खरंच, पण सुमारे १९० किलोमीटर दक्षिणेला जाण्यात या धंद्याचीही सोय होती. हे मी म्हणत नाही. आज त्या घराची देखभाल करणारी अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवाच सांगते. शिवाय त्या घराच्या मागच्या अंगणात गुलामांची खोली होती. ज्या युद्धाला तो ‘वैतागला’, त्यावर त्याची कमाई चालली होती, आणि घरातली कामं गुलाम माणसं करत होती. फॉरवर्डमध्ये त्यांना अर्धी ओळही नाही. प्रारब्ध म्हटलं की सगळं झाकता येतं ना! दक्षिण हरल्यावर त्याच्याकडच्या कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या सरकारच्या, नोटा रद्दी झाल्या, एवढं मात्र खरं.

‘तसंच उभं’ हे तर साफ खोटं. १८९३ मध्ये वॉशिंग्टनला नेऊन संग्रहालय करू म्हणून ते घर विटाविटांनी उतरवलं, पैसे संपले, आणि ढीग तिथेच पडून राहिला. लोकांनी आठवण म्हणून विटा नेल्या. आज दिसतं ते जुन्या जागेवर नव्याने उभारलेलं, १९४९ मध्ये खुलं झालेलं घर. ज्या टेबलावर ग्रँटने अटी लिहिल्या ते ग्रँटच्याच सैन्यातल्या शेरिडन या सेनानीने त्याच वेळी २० डॉलर देऊन उचललं होतं.

आणि मावशी, त्या गावात त्या दिवशी दुसऱ्याही एका घरात युद्ध शिरलं होतं. कोलमन नावाच्या डॉक्टरच्या घरातून तोफगोळा आरपार गेला आणि हॅना रेनॉल्ड्स ही त्यांची गुलाम बाई जबर जखमी झाली. ती १२ एप्रिलला गेली, म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी. इतकी वर्षं लोक धरून चालले होते की ती गुलाम म्हणूनच मेली. मृत्यूची नोंद सापडली तेव्हा कळलं की ते तीन दिवस ती स्वतंत्र होती.