पाचशेचं पेट्रोल

मेव्हणीच्या साखरपुड्याला निघालेली आमची गाडी हिंदमाता उड्डाणपुलाच्या ऐन चढावर बंद पडली, तेव्हा मागे जो हॉर्नचा गजर सुरू झाला, तो साखरपुड्याच्या वाजंत्रीपेक्षा निश्चितच दणदणीत होता.

वडिलांच्या जुन्या पद्मिनी गाडीत अशा वेळी काय करायचे, हे मला पाठ होते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि पेट्रोल आपसूक ओढले जाते. त्यामुळे पेट्रोलचे बारीक छिद्र असलेले जेट काढून फुंकर मारली आणि चोक ओढून सेल मारला की घरातला कोणीही पुरुष मिस्त्री ठरत असे. कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांनी आमचा हा मान काढून घेतला. तरीही मी बॉनेट उघडले, गंभीर चेहऱ्याने आत पाहिले आणि काहीतरी केले पाहिजे म्हणून वायपरच्या पाण्याचे झाकण घट्ट केले.

फोन केल्यावर आलेल्या मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलेही नाही. "साहेब, नुसती किल्ली फिरवा, सेल मारू नका. मागून घूं आवाज येतोय का?" आवाज नव्हता. कॉम्प्युटरने एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा असा काटेकोर हिशेब करावा, त्यानुसार इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडावा, आणि टाकीतल्या पंपाने मात्र प्राण सोडावा, अशी ही अवस्था होती. मिस्त्रींनी टाकीला खालून दोन ठोके दिले. पंप कण्हत जागा झाला आणि त्या धुगधुगीवर आम्ही कसेबसे परळचे गॅरेज गाठले.

"हा पंप पेट्रोलात बुडून राहतो, त्यानेच थंड होतो," मिस्त्री मागचे सीट उचलत म्हणाले. "टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवली की तापतो आणि जळतो. तुम्ही किती भरता?"

"बऱ्यापैकी भरतो," मी म्हणालो.

सीटखाली पंपाचे झाकण होते. त्यावर एक वाळलेली करंजी, मुलाचा हरवलेला कंपास आणि पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा होता. पैठणी सावरत हिने तो उचलला आणि एकेक पावती मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवू लागली: "पाचशे. पाचशे. पाचशे. ही बघा, दिवाळीची. तीनशे."