जेट्सवाल्यांनो, या वर्षी तरी कुणाला हाकलू नका

हे लिहितेय जून २०२५ मध्ये. आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) ॲरन रॉजर्सने अखेर पिट्सबर्गशी करार केला आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या न्यू यॉर्क जेट्स टीमच्या सगळ्या ग्रुपांवर पुन्हा धुरळा उडाला. निम्मे म्हणतात ब्याद गेली, निम्मे म्हणतात अजून एक वर्ष ठेवायचा होता. त्यात वेळापत्रक लावणाऱ्यांचा खवचटपणा बघा. ७ सप्टेंबरला सीझनची पहिलीच मॅच, मेटलाइफ स्टेडियमवर, आणि समोर पिट्सबर्ग स्टीलर्स! वेळापत्रक मे महिन्यातच लागलं, तेव्हा रॉजर्सचं पक्कं नव्हतं, पण वास सगळ्यांनाच आला होता. गेल्या वर्षी पिट्सबर्गकडे असलेला जस्टिन फील्ड्स आता आमचा क्वार्टरबॅक, आणि आमचा रॉजर्स त्यांचा. चक्क साटंलोटं.

भारतातल्या ज्या मंडळींना यातलं ओ की ठो कळत नाही (आणि तरी माझ्या पोस्टवर लाइक ठोकतात, देव त्यांचं भलं करो), त्यांच्यासाठी थोडक्यात. जेट्स नावाला न्यू यॉर्कचे, पण खेळतात आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. टॅक्स आमचा, ट्रॅफिक आमच्या नशिबी, नाव मात्र नदीपलीकडच्यांचं. एकच सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकलाय, १२ जानेवारी १९६९ ला. बाल्टिमोर कोल्ट्सला १६-७ हरवलं, आणि त्याआधी आमचा क्वार्टरबॅक जो नेमथ छातीठोकपणे सांगून मोकळा झाला होता की जिंकणार म्हणजे जिंकणारच. त्यानंतर सुपर बोलचं तोंड पाहिलेलं नाही. शेवटचा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) २०१० च्या सीझनचा. तेव्हापासून २०२४ पर्यंत चौदा सीझन कोरडे गेले. एनएफएलमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) सध्या इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमचा नाही. गेल्या सीझनला ५ विजय, १२ पराभव.

या महिन्याच्या सुरुवातीला आरसीबीने आयपीएल जिंकली, तेव्हा बंगळुरात राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा रात्रीच मेसेज आला, "ताई, आमचं अठराव्या वर्षी उजाडलं, तुमचं कधी?" (दुसऱ्या दिवशी तिथे चेंगराचेंगरीत जे झालं ते फार वाईट. त्यावर इथे बोलणं नको.) मी त्याला लिहिलं, बाबा रे, तुमच्याकडे निदान एक कोहली अठरा वर्षं तिथेच होता. आमच्याकडे चार वर्षं टिकला की माणूस जुनाजाणता.

माझं दुखणं नेमकं हेच आहे. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, पण जेट्सला उतावीळपणाने खाल्लंय. मालकाचा उतावीळपणा तर आहेच, त्यात आपण चाहते पेट्रोल ओततो. डिसेंबर आला की आपल्याला कुणाचं तरी डोकं हवं असतं, आणि मार्च-एप्रिल आला की तारणहार.

तारणहारांची यादी काढा. २००८ मध्ये ग्रीन बेहून क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आणला. त्याच्यासाठी चॅड पेनिंग्टनला सोडून दिला. फार्व्हने ८-३ (आठ विजय, तीन पराभव) सुरुवात केली, आपण विमानाची तिकिटं बघायला लागलो, आणि मग सगळं घसरत ९-७ वर आलं. शेवटच्या मॅचला मेडोलँड्सवर येऊन आपल्याला हरवणारा मायामीचा क्वार्टरबॅक कोण? तोच पेनिंग्टन. डिव्हिजनही (गटातला पहिला नंबर) त्यानेच नेली. पंधरा वर्षांनी पुन्हा त्याच ग्रीन बेहून, तसाच उतारवयाला आलेला रॉजर्स आणला. त्याच्या ओळखीचा कोऑर्डिनेटर (डावपेच आखणारा कोच) आणला, ओळखीचे रिसीव्हर (पास पकडणारे) आणले, ड्राफ्टचे पिक (कॉलेजातली नवी पोरं निवडायचे हक्क) उधळले.

११ सप्टेंबर २०२३ ला मी स्टेडियममध्ये होते. पार्किंगमध्ये शेजारच्यांच्या ग्रिलवर सॉसेज, आमच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. नेमथची १२ नंबरची जुनी, विटकी जर्सी घातलेले एक आजोबा येऊन पुऱ्या खाऊन गेले, वर रेसिपी विचारली. मग रॉजर्स हातात अमेरिकेचा झेंडा घेऊन बोगद्यातून धावत बाहेर आला. असा आवाज मी त्या स्टेडियमात कधी ऐकला नव्हता. चौथ्या प्लेला समोरच्या टीमच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला पाडलं. तो उठला, आणि परत खाली बसला. टाचेची अकिलीस नस गेली, सीझन संपला. आमच्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी ८ नंबरची नवीकोरी जर्सी विकत आणली होती. ती पिशवीतून अर्धीच बाहेर आली होती, तशीच लेबलसकट पुन्हा आत गेली. आणि गंमत म्हणजे ती मॅच आपण जिंकलो! ओव्हरटाइममध्ये झेवियर गिप्सन नावाच्या पोराने ६५ यार्डांचा पंट रिटर्न मारला, म्हणजे समोरच्यांनी किक मारलेला चेंडू घेऊन थेट पलीकडे पळाला. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलाही नव्हता त्याला. आज ते कुणाला आठवत नाही, चौथा प्ले मात्र सगळ्यांना पाठ आहे.

रॉजर्सला सोडल्याचा हिशोब ४ कोटी ९० लाख डॉलर. न खेळणाऱ्या माणसासाठी सॅलरी कॅपमधले (पगारावर खर्च करायची लीगची मर्यादा) १ कोटी ४० लाख २०२५ मध्ये जाणार, उरलेले ३ कोटी ५० लाख २०२६ मध्ये. ज्यांना "अजून एखादा मोठा रिसीव्हर घ्या ना" असं वाटतं, त्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

पण म्हाताऱ्यांपेक्षा मला पोरांचं जास्त वाईट वाटतं. सॅम डार्नल्डचं घ्या. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा. वय २१. डेट्रॉइटमध्ये सोमवारी रात्री पहिली मॅच, पहिलाच पास थेट समोरच्या टीमच्या हातात आणि टचडाउन. तरी पोरगं डगमगलं नाही, ती मॅच ४८-१७ ने जिंकली. दुसऱ्या वर्षी कोच बदलला, म्हणजे सगळी पोथी नवी. पुढे न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० ने हरताना तो बाकावर बसून म्हणाला की मला भुतं दिसतायत. अंगावर माइक लावलेला होता, त्यामुळे सगळ्या देशाने ऐकलं आणि सगळा देश हसला. आपणही हसलो, मीम फिरवले. कुणी विचारलं का, की त्याच्यासमोर उभी केलेली ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) कसली होती? चेंडू हातात आल्यावर इकडेतिकडे बघायला त्या पोराला वेळ तरी मिळत होता का?

२०२१ मध्ये त्याला कॅरोलायनाला देऊन टाकला. तोच डार्नल्ड गेल्या वर्षी मिनेसोटाकडून १४-३ गेला. लंडनला आपली त्यांच्याशी मॅच झाली. रॉजर्सने तीन इंटरसेप्शन (समोरच्यांच्या हातात गेलेले पास) फेकली, आपण हरलो, आणि दोनच दिवसांत हेड कोच रॉबर्ट सालेला नारळ मिळाला. सीझनच्या पाच मॅच झाल्या होत्या, रेकॉर्ड २-३. म्हणजे आपणच फेकून दिलेल्या क्वार्टरबॅककडून हरलो म्हणून आपण कोच फेकून दिला. नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजरही गेला.

आता डार्नल्ड सिएटलला गेलाय. सिएटलने त्याच्यासाठी जागा कशी केली? जीनो स्मिथला लास व्हेगासला ट्रेड करून. जीनो मूळचा कुणाचा? आपलाच, २०१३ चा. आपल्या भंगारातून दुसरे लोक एकामागून एक संसार थाटतायत. कोच टॉड बोल्सचं तेच. इथून हाकलल्यावर टँपा बेला डिफेन्स सांभाळून सुपर बोल जिंकला, २०२२ मध्ये तिथला हेड कोच झाला.

हे सगळ्यांना लागू नाही, मान्य. डार्नल्डनंतर आणलेला क्वार्टरबॅक झॅक विल्सन कुठल्याही लाइनच्या मागे चालला असता असं मला वाटत नाही. आणखी एक क्वार्टरबॅक, ख्रिश्चन हॅकेनबर्गला दुसऱ्या फेरीत घेतला, तो तर रेग्युलर सीझनची एकही मॅच खेळला नाही. वाईट निवडी वाईटच असतात. आणि काही गोष्टी निव्वळ कर्मभोग. पुढे न्यू इंग्लंडला दिग्विजयी करणारा बिल बेलिचिक २००० साली एका दिवसात हेड कोचपद सोडून गेला, तेही एका चिठोऱ्यावर राजीनामा खरडून. पुढच्या वर्षी आपल्या मो लुइसने न्यू इंग्लंडच्या ड्रू ब्लेडसोला असा तडाखा दिला की त्याच्या जागी कुणी टॉम ब्रेडी नावाचा मुलगा आला, आणि तोच पुढे सगळ्यांत मोठा क्वार्टरबॅक ठरला. याला काय करणार? मात्र २०२० मध्ये ०-१३ असताना आपण रॅम्सला हरवलं आणि आपलेच लोक भडकले, तळाला राहिलं की ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते, ती गेली तर कॉलेजचा स्टार क्वार्टरबॅक ट्रेवर लॉरेन्स हातचा जाईल म्हणून. टीम जिंकली म्हणून चाहते रडतायत! हे कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच सांगा.

म्हणून यंदाच्या ड्राफ्टवर मी खूश आहे, आणि ग्रुपवर जवळजवळ एकटीच. सातव्या पिकला सगळ्यांना पेन स्टेटचा टायलर वॉरन हवा होता. टाइट एंड (पास पकडणारा आणि अडवणाराही), देखणा खेळ, जर्सी खपल्या असत्या. घेतला कोण, तर मिझूरीचा आर्मंड मेंबू. टॅकल. म्हणजे पुढे उभं राहून क्वार्टरबॅकचं रक्षण करायचं, धक्के खायचे, आणि टीव्हीवर नाव फक्त चूक झाली की यायचं. "परत लाइनमन?" म्हणून किती बोंबाबोंब झाली! अहो, गेल्या वर्षी फशानू, या वर्षी मेंबू. डार्नल्डला जे कधी मिळालं नाही ते आता कुठे बांधलं जातंय. टाइट एंडही दुसऱ्या फेरीत घेतलाच की, एलएसयूचा मेसन टेलर.

फील्ड्सबद्दल माझा काही भ्रम नाही. दोन वर्षं, ४ कोटी डॉलर, म्हणजे ही एक सोय आहे. पाय जबरदस्त, पिट्सबर्गला सुरुवात करून दिलेल्या सहांपैकी चार मॅच जिंकला, गॅरेट विल्सनबरोबर ओहायो स्टेटला खेळलाय. पास मात्र उशिरा सोडतो. चांगला निघाला तर उत्तम, नाही तर त्याच्यानंतर येणाऱ्या पोराला निदान उभं राहायला जागा असेल.

नवा हेड कोच ॲरन ग्लेन १९९४ मध्ये आपल्याच ड्राफ्टमधून आलेला, आठ सीझन इथेच कॉर्नरबॅक (समोरच्यांचे पास अडवणारा) खेळलेला. पण मला त्याच्या जेट्सपणापेक्षा डिफेन्स कोऑर्डिनेटर म्हणून त्याची डेट्रॉइटची चार वर्षं मोलाची वाटतात. पहिल्या वर्षी ३-१३-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा). दुसऱ्या वर्षी सुरुवात १-६, आणि ग्लेनचा डिफेन्स लीगच्या तळाला. इथे असता तर हॅलोविनच्या आत त्याचं सामान बाहेर पडलं असतं. तिथे मालकिणीने ना हेड कोचला हात लावला, ना ग्लेनला. गेल्या सीझनला तीच टीम १५-२.

आता आपले मालक वुडी जॉन्सन. २००० मध्ये ६३.५ कोटी डॉलरला टीम घेतली. या वर्षी खेळाडूंच्या युनियनने प्रगतिपुस्तकात त्यांना एफ दिला. मालक ड्राफ्टमधून बदलता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर किती लिहायचं? एवढंच दिसतं की गर्दी ओरडली की त्यांचा धीर सुटतो. मग निदान गर्दीने तरी ओरडू नये.

माझा अंदाज ६-११. शेड्यूल बघून कुणी ९ म्हणतंय, कुणी ३. मला ६ चालतील, फक्त नोव्हेंबरमध्ये "ग्लेन हटाव" लिहून मला टॅग करू नका. रॉजर्सला ७ तारखेला बू करायचं का, यावर ग्रुपवर मतदान चालू आहे. मी "नाही"ला मत दिलंय. चौतिसाव्या नाही, एकोणचाळिसाव्या वर्षी तुटलेल्या अकिलीसवरून उठून तो माणूस पुढचा अख्खा सीझन खेळला. बू करायचंच असेल तर करा बापडे. पण फील्ड्सने पहिल्या क्वार्टरमध्ये एखादं इंटरसेप्शन फेकलं की लगेच "टायरॉड! टायरॉड!" सुरू करू नका. आपला राखीव क्वार्टरबॅक टायरॉड टेलर ऑगस्टमध्ये ३६ वर्षांचा होतोय.