दार उघडण्याआधी मागे बघा हो

सकाळपासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज आमच्या सोसायटीची रविवारची सायकल राइड होती. सिंहगड रोडने खडकवासला, चौपाटीवर भजी, परत. पुढे एक जाणता, सगळ्यांत मागे मी, मधे पोरं. सगळ्यांना हेल्मेट, मागे लाल ब्लिंकर. परतताना डावीकडे उभ्या असलेल्या गाडीचं दार फाडकन उघडलं आणि आमच्यातली एक सहावीतली पोरगी त्यावर आदळून रस्त्यात आडवी झाली. मागून टेम्पो येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला. बस, तेवढ्यावर निभावलं.

गाडीतले गृहस्थ उतरले. आधी दाराला पोचा आलाय का ते बघितलं, मग मला म्हणाले, "लहान मुलांना रस्त्यावर आणताच कशाला?"

आणि ती पोरगी, कोपर सोललेलं, मला विचारतेय, "काकू, मी चुकले का?"

काय चुकली ती? डाव्या कडेने, रांगेत चालवत होती. कडेला चालवलं तर दार लागतं, जरा मध्ये आलं तर हॉर्न. ट्रॅकवरून जा म्हणाल, तर कुठला ट्रॅक? पुण्याचा सायकल आराखडा २०१७ सालचा आहे. जे ट्रॅक आहेत त्यांवर दुचाक्या लावलेल्या, मध्येच विजेचा डबा, पेव्हर ब्लॉक उखडलेले. आणि चौक आला की ट्रॅक गायब! जिथे खरी गरज, तिथेच नाही.

माझे बाबा रास्ता पेठेतून खडकीच्या फॅक्टरीत सायकलने जायचे. तीस वर्षं. तेव्हा सायकलला दिवा नसला की पोलीस अडवायचे. सायकलवाल्याला नियम होते, कारण सायकलवाला रस्त्यावर हिशेबात धरलेला होता. आता आम्ही हिशेबातच नाही.

हो, काही ग्रुप तिघं-तिघं शेजारी गप्पा मारत जातात, सिग्नल तोडतात. मान्य. मी स्वतः ओरडते त्यांना. पण आज रस्त्यावर पडली ती त्यातली नव्हती.

एवढंच करा. गाडीतून उतरताना उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडा. आपोआप अंग वळतं, मान वळते, मागचं दिसतं. नेदरलँड्समध्ये असंच शिकवतात. पैसा लागत नाही, आराखडा लागत नाही. मागे बसलेल्या मुलांनाही सांगा, दाराकडचा हात नाही, दुसरा. आणि आपण सायकलवाल्यांनी उभ्या गाडीपासून दाराएवढं अंतर सोडायचं, मग मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

लिहिता लिहिता आठवलं, त्या गृहस्थांचे हात थरथरत होते. नंतर त्यांनीच डिकीतून पाण्याची बाटली काढून तिच्या कोपरावर धरली. वाईट माणूस नसावा. मागे बघायचं असतं हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नसेल. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही, आणि त्याहून तिचं. "मी चुकले का?" अकरा वर्षांच्या पोरीला असं वाटावं?

तिची आई म्हणतेय, आता सायकल बंद. तिला मी काय बोलू? मी आई असते तर मीही हेच म्हटलं असतं. सायकल आत्ता माझ्या पार्किंगमध्ये आहे. हँडल सरळ करून आणलंय, ब्रेकची एक वायर उद्या बदलून मिळेल. जेवणं झाली की वर जाऊन बोलणार आहे त्यांच्याशी.