जप कसा करावा, भाग सतरावा

आषाढात कपाट उघडलं तर दासबोधावर बुरशी. फोंड्यात पावसाळ्यात चपला, पट्टे, पुस्तकं, कशालाच ती सोडत नाही, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही. सुक्या फडक्यानं पुसत होतो, तेवढ्यात आतली खूण दिसली. वीस दशकं, दोनशे समास आणि माझी बसची तिकीट अडकलेली दुसऱ्या दशकाच्या दहाव्या समासात. पढतमूर्खलक्षण! तीन वर्षांपूर्वी नेमका तिथेच थांबलो होतो. बहुतेक ओळख पटली असावी.

वाचनात मात्र खंड नव्हता. फक्त ते जपाचं नव्हतं, जपाविषयीचं होतं. माळ तुळशीची की रुद्राक्षाची? १०८ मणी का? मधल्या बोटावर धरायची, अंगठ्यानं ओढायची, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी ओलांडायचा नाही, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा. माळ खिळ्याला टांगलेली. कोळ्यानं तिच्यापासून भिंतीपर्यंत जाळंही विणलेलं. म्हणजे घरात नित्यनेमानं बसणारा कुणी होता.

आईनं यातलं काहीच पाहिलेलं नाही. ती पडवीत आठळ्या सोलत असते आणि ओठ हलत असतात. परवा तिला म्हटलं, ‘‘आई, आठळ्या सोलताना जप चालतो का, यावर मतभेद आहेत.’’ ती म्हणाली, ‘‘असतील. तू सोल, मी जपते.’’

शेवटी एका पहाटे निर्धारानं उठलो. आसन घातलं. बसण्यापूर्वी ‘मन एकाग्र कसं करावं’चा सतरावा भाग लावला, पन्नासेक मिनिटांचा. अर्ध्यावर पोदेराचा भोंपू वाजला, पाव घेऊन आलो. तोवर लाईट गेली, फोनही मेला. आता करण्यासारखं जपच उरला होता.

माळ झटकली. कोळी नाराज होऊन निघून गेला. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. कौलांवर पाऊस, हातात मणी, डोक्यात काही नाही. निम्मी माळ झाली असेल नि पंखा फिरला. म्हटलं, फोन तेवढा चार्जिंगला लावून येतो.

परतलो तर बोट कुठल्या मण्यावर होतं, कळेना.

‘‘जालें काय रे बसून?’’ आईनं आतून विचारलं.

‘‘होय गे,’’ म्हणालो आणि फोन सुरू होण्याची वाट पाहू लागलो. मणी हुकला तर काय करायचं, हे कुणीतरी सांगितलेलं असणारच.