‘तुम्ही घरीच असता ना?’

आज ऑफिसात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या एका जागेसाठी आलेले अर्ज फायलीला लावायला माझ्याकडे दिले गेले. हिशेबाशी त्यांचा काही संबंध नाही, पण छोट्या कंपनीत अकाउंट्सवालीला सगळेच करावे लागते. त्यातल्या एका बायोडेटावर २०१९ आणि २०२१ या दोन सालांच्या मध्ये लाल पेनाने वर्तुळ काढलेले होते, शेजारी प्रश्नचिन्ह होते आणि कोपऱ्यात ‘गॅप’ असा एकच शब्द. तेवढ्यावरच सोळा वर्षे अनुभवाचा तो माणूस नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडला होता. वर्तुळ काढणारा मुलगा २०१९ मध्ये कॉलेजात असणार, त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही हे मला कळते. तरीही दुपारपासून मी चिडलेलीच आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना २०१९ चा तो पावसाळा वेगळा सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी गाळात गेली, वित्त कंपन्यांनी गाड्यांसाठी कर्ज देताना हात आखडता घेतला, बीएस-सिक्स हे धुराचे नवे नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिले, आणि ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांनी घसरली. मोठ्या कारखान्यांनी अधूनमधून उत्पादन बंद ठेवायला सुरुवात केल्यावर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या शेडमध्ये आधी कंत्राटी पोरांना ‘ब्रेक’ मिळाला आणि मग कायम माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलावले गेले. माझा नवरा सप्टेंबरात त्या केबिनमध्ये गेला आणि राजीनामा लिहून देऊन बाहेर आला. काढून टाकले असे कागदावर आले तर नुकसानभरपाई द्यावी लागते, म्हणून राजीनामा. चौदा वर्षांचा हिशोब वीस मिनिटांत झाला. त्याच महिन्याच्या २० तारखेला केंद्र सरकारने कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. आमच्या घरी त्या दिवशी मुलीची शाळेची बस बंद करायची का, यावर बोलणे चालले होते.

दिवाळीपर्यंत काहीतरी होईल असे आम्ही धरून चाललो होतो. दिवाळी गेली, होळी गेली आणि मार्चमध्ये सगळ्यालाच टाळे लागले.

त्याआधी, २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने एक दिवसाआड पाणी सुरू केले होते आणि सोसायटीला टँकर मागवावे लागत होते. सेक्रेटरी एका संध्याकाळी येऊन म्हणाले, “वहिनी, साहेब घरीच असतात ना? टँकरकडे जरा बघतील का?” नवऱ्याने फुलस्केप वही आणली, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, लिटर. पण क्वालिटीतला माणूस तेवढ्यावर थांबत नाही. त्याने स्टीलच्या टेपने टाकी मोजली, वेळूच्या काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि प्रत्येक टँकरच्या आधी व नंतर काठी बुडवून ओलसर रेघ वाचायला सुरुवात केली. दहा हजार लिटरच्या टँकरमधून साडेआठ हजारांच्या आसपासच पाणी पडते, हे पंधरा दिवसांत कागदावर आले. सोसायटीचे पैसे वाचले. वार्षिक सभेत टाळ्या सेक्रेटरींना मिळाल्या.

हळूहळू मजल्यावरच्या सगळ्यांची पार्सले, कोणाचा सिलिंडर, कोणाच्या आईला दवाखान्यात नेणे, सगळे त्याच्याकडे आले. बेकार माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. त्याला उधार पैसे द्यायला कोणी नसते, पण त्याचा वेळ मात्र प्रत्येकजण फुकटात धरून चालतो, आणि वर तोच माणूस पाठ वळल्यावर ‘रिकामटेकडा’.

सरकारी पाहणीत, आठवड्यातून एक तास जरी मोबदल्याचे काम केले तरी माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो. रोज तीन तास टाकीवर उभा राहणारा माझा नवरा मात्र कुठेच धरलेला नव्हता. ईएसआय या कामगार विम्यात बेकारांसाठी अटल योजना होती, पण ती जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि २१ हजारांच्या वर पगार गेल्यामुळे तो ईएसआयमधूनच बाहेर होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये याच महाराष्ट्राने देशाला करून दाखवला आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण देशभर लागू झालेला २००५ चा कायदासुद्धा ग्रामीण कुटुंबांपुरताच होता. शहरातल्या माणसाला हमी कसली, तर पीएफ काढून खाण्याची. आम्ही तोही काढला.

एका जागेला शे-दीडशे अर्ज आल्यावर चाळण कुठेतरी लावावीच लागते, हे मान्य. दोन वर्षे हात थांबला की नवे गेज, नवे सॉफ्टवेअर शिकावे लागते, हेही मान्य. पण एप्रिल ते जून २०२० मध्ये अख्ख्या देशाचे उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी आकसले, तेव्हा त्या तिमाहीभोवती कोणी लाल वर्तुळ काढले? देशाला मंदी येते आणि माणसाला गॅप पडतो! शिवाय गॅप आहे म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून गॅप वाढतो, ही चकरी एकदा सुरू झाली की चार महिन्यांचे चौदा महिने व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्यांचेच सांगते आहे, तर माझेही सांगते. जुलै २०२१ मधल्या एका मुलाखतीत “मधली दोन वर्षे काय केलंत?” असे विचारल्यावर तो म्हणाला होता, “काही नाही, घरीच होतो.” घरी आल्यावर मी त्याच्यावर ओरडले, की ती टँकरची वही घेऊन जायची होती. तो म्हणाला, “तूच तर सगळ्यांना सांगतेस ना, घरीच असतात म्हणून.” मी तसे म्हणत होते. फोनवर, दारात, गॅसवाल्याला, माझ्या आईला. त्यात काही लागण्यासारखे आहे, हे दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आले नव्हते.

आज मी तो बायोडेटा गठ्ठ्यातून काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि याला निदान बोलवा तरी, असे सांगितले. ते “बघू” म्हणाले. ‘बघू’चा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या नवऱ्याला जानेवारी २०२२ मध्ये काम लागले, दोन वर्षे चार महिन्यांनी, आधीच्यापेक्षा सहा हजार कमी पगारावर. त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन सेक्रेटरींच्या दारात गेले. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि विचारले, “मग आता टँकरचं कोण बघणार?”