मंडळीचा हिशेब आणि पौलाची काळजी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक सभेची नोटीस लागली आहे. दरवर्षी या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं, "देवाच्या घरात कसले नियम नि कसले हिशेब? सगळं आत्म्याने चालतं." बोलणारी माणसं प्रार्थनाशील आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हे म्हणणं पवित्र शास्त्राला धरून नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढा. पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसानंतर, मंडळी भराभर वाढत होती आणि तिथेच कुरकुर सुरू झाली. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी विषय झाकला नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसं शोधायला सांगितली, आणि निवड मंडळीने केली. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक! म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्याला आधी 'फूट पाडणारा' ठरवून मोकळे होतात.

आणि प्रेषित पौल? यरुशलेमेतल्या गरिबांसाठी दान गोळा झालं, तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ त्याच्या सोबतीला होता. या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हांला दोष लावू नये, प्रभूपुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख असावा, असं तो स्वतः लिहितो (2 करिंथ 8:19-21). पौलाला जे गरजेचं वाटलं ते आपल्याला नको?

उपासनेनंतर टेबलावर अर्पणाच्या थैल्या रिकाम्या होतात. दोघं जण नोटा लावतात, नाण्यांच्या चळती रचतात, वहीत रक्कम लिहून दोघंही सही करतात. एखाद्या रविवारी कुणीतरी म्हणतं, "मी मोजतो, तुम्ही निघा." नाही निघायचं. दुसरी सही पहिल्याच्याच नावाची राखण करते.

पुढाऱ्यांचं म्हणाल तर पौल आणि बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील (म्हणजे मंडळीची देखरेख करणारे पुढारी) नेमले, एकटा वडील नव्हे (कृत्ये 14:23). 1 तीमथ्य 3 मध्ये अध्यक्षासाठी काय मागितलंय ते पाहा. मद्यपी नसावा, मारका नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, नवशिका नसावा. हुद्दा, घराणं, पॅनेल यांचा उल्लेखही नाही. उलट पहिल्या जागेची हाव धरून भावांना मंडळीबाहेर घालवणाऱ्या दियत्रफेसाचं नाव योहानाने पत्रात उघड लिहून ठेवलं.

पाळकसाहेबांच्या बाजूनेही शास्त्र बोलतं. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरचा आरोप ऐकू नको, असं 1 तीमथ्य 5:19 सांगतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारी कुजबुज साक्ष होत नाही. पण पुढच्याच वचनात आहे की पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष दाखव. ही दोन्ही वचनं एकत्र वाचायची असतात.

सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. दर तिमाहीचा जमाखर्च फलकावर लागावा, आणि विधवा मदतनिधीच्या समितीत निदान एक विधवा भगिनी असावी. अनुमोदन द्यायची इच्छा असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर मला भेटावं.