ऑर्किड, बर्फ आणि लग्नाचं टेबल: त्या फॉरवर्डमधलं किती खरं?

लग्नाची तयारी चाललेल्या घरांतून एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: टेबलांवर ऑर्किडच मांडा, बारा महिने चालतं आणि तेच टिकतं, आदल्या रात्री फुलं फ्रीजमध्ये ठेवा, कुंडीला आठवड्याला बर्फाचे तीन खडे पुरे, फुलं गळली की झाड संपलं, टाकून द्या. गंमत अशी, की जाणकार मंडळी यातल्या ज्या सल्ल्यावर सर्वांत आधी तुटून पडतात, तोच त्यातल्या त्यात बरा आहे.

तो बर्फाचा. उष्ण प्रदेशातल्या झाडाला बर्फ सोसेल का, ही शंका रास्तच. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी ती तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. फॅलेनॉप्सिस या कुंडीत वाढवतात त्या ऑर्किडच्या काही कुंड्यांना आठवड्याला तीन खडे, काहींना तेवढंच साधं पाणी दिलं. फुलं टिकण्यात फरक पडला नाही, मुळांनाही इजा झाली नाही. पण त्या कुंड्यांत झाडाच्या सालीचे तुकडे होते. झाड शेवाळात लावलं असेल तर ते शेवाळ पाणी कितीतरी जास्त धरून ठेवतं, त्यामुळे ‘तीन’ हा आकडा सगळीकडे लागू होत नाही. खडे मोजण्यापेक्षा मुळं बघा: कोरडी असली की रुपेरी-करडी, भिजली की हिरवी. झाड मरतं ते बहुतेकदा साचलेल्या पाण्यानं. लग्नाच्या टेबलावर तर कुंडी बिनछिद्राच्या चकचकीत भांड्यात बसवून वर शेवाळ पसरतात. तळाशी पाणी साचलंय हे कुणाला दिसतही नाही.

फ्रीजचा सल्ला मात्र सरळ घातक. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर चालतो. फॅलेनॉप्सिस आणि डेन्ड्रोबियम ही ऑर्किडं १० अंशांखाली फार वेळ राहिली की पाकळ्या पाणचट होतात, डाग पडतात. सिम्बिडियम हे ऑर्किड मात्र थंडी सोसतं; घोळ बहुधा तिथूनच झालाय. त्यात फ्रीजमधली पिकलेली फळं इथिलीन वायू सोडतात आणि ऑर्किड लवकर कोमेजतं. म्हणजे टेबलावर फुलांशेजारी सफरचंद-केळ्यांची परडीही नको. शिवाय सजवताना फुलाच्या मध्यावरची परागांची टोपी निघाली, तर फूल स्वतःच इथिलीन तयार करू लागतं. सिम्बिडियमची खालची पाकळी अशा वेळी लाल पडते. कापलेल्या दांड्या पाण्यात, सावलीतल्या गार खोलीत ठेवणं पुरे.

बारा महिने मिळतं, हे खरं. हरितगृहात तापमान उतरवून फुलदांडे हवे तेव्हा काढता येतात. पण ‘तेच टिकतं’ ही अतिशयोक्ती आहे. हंगामातली शेवंती फुलदाणीत आरामात आठवडाभर राहते. डेलिया लवकर मान टाकतो, कबूल. तो त्याच दिवशी सकाळी मांडावा. मला विचाराल तर ऑर्किडच्या दोन-तीन दांड्या आणि बाकी हंगामाची फुलं, तीही समोरच्याचा चेहरा दिसेल इतक्या उंचीची.

फुलं गळणं म्हणजे फक्त बहर संपणं. फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, कधीकधी बाजूनं नवी फांदी फुटते. वाळला असेल किंवा पानं मलूल असतील तर बुडापासून काढा. पुढचा फुलदांडा यायला काही आठवडे थोडा गारवा लागतो. कापून आणलेल्या दांड्यांचं मात्र मेसेज म्हणतो तेच खरं. त्या खतात जातात.